डबा निघाला म्हणून हसलात?

हसणं आधी बंद करा. मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा. फोन पालथे ठेवा समोर.

परवा सभागृहाच्या पायऱ्यांशी ती निळी पिशवी सापडली, पोलिसांनी रस्ता अडवला, कुणालाही आत सोडलं नाही, आणि शेवटी पिशवीतून जेवणाचा डबा आणि घडी घातलेला शर्ट निघाला. तेव्हापासून तुमचं एकच पालुपद, "कुछ नहीं, टिफिन निकला!" त्या जाड पोशाखातल्या जवानाच्या चालण्याची नक्कल करून झाली, कुत्र्याचीही झाली. यात हसण्यासारखं काय होतं ते मला सांगा. तीस किलोहून जड पोशाख चढवून तो माणूस एकटा त्या पायऱ्यांकडे गेला, तेव्हा आत डबा आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं? तुम्हाला कळलं ते त्याने पिशवी उघडल्यावर. त्याच्या आधी तुम्हीही दोरीमागे घाबरूनच उभे होतात.

पिशवीत काही सापडलं तरच पोलिसांनी काम केलं, असं तुमच्या डोक्यात कुणी भरवलं? त्यांचं निम्मं काम पिशवीला हात लावायच्या आधीच झालं होतं, आणि ते पाहायला तुमचे डोळे फोनमधून वर आलेच नाहीत. मी पाहत होते. आधी त्यांनी माणसं मागे सारली. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीचा गॅस बंद करायला लावला. वायरलेसवर बोलायला ते लांब गेले, कारण रेडिओच्या लहरींनी काही जातीचे डिटोनेटर उडू शकतात. मग आपल्याला जिथे थांबवायचं ठरलं ती जागा त्यांनी आधी तपासली: कचऱ्याचा पिंप, उभ्या मोटारसायकली, विजेची पेटी. पळालेली गर्दी जिथे गोळा होते तिथेच दुसरा बॉम्ब ठेवण्याचा प्रकार जगात अनेकदा घडलाय, म्हणून. हे सगळं झाल्यावर कुत्रा आला. स्फोटकं शोधणारा कुत्रा भुंकत नाही. वास लागला तर गुपचूप खाली बसतो, तसंच शिकवलेलं असतं त्याला. तो बसतोय की पुढे जातोय, एवढ्यावर त्याच्या डॉग मास्टरची नजर खिळलेली होती, आणि नेमक्या त्याच वेळी तुमच्यातले तिघं शिट्ट्या मारत होते. कुत्रा बिथरला असता आणि पिशवीत खरंच काही असतं तर?

आणि तू. हो, तूच. पोलीस यायच्या आधी बुटाच्या टोकाने ती पिशवी ढकलून पाहिलीस ना? "बघत होतो, जड आहे का." पुण्याच्या कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीमध्ये अशीच एक बेवारस बॅग टेबलाखाली पडून होती. 13 फेब्रुवारी 2010, शनिवारची संध्याकाळ. 17 माणसं गेली. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यात मुंबईच्या सीएसटीवर लोक सामान टाकून पळाले. त्या सामानाचा ढीग करून ठेवला होता. आठवडाभराने, 3 डिसेंबर 2008 ला, त्याच ढिगात जिवंत स्फोटकांची बॅग सापडली. इतके दिवस ती इतर बॅगांसारखीच एक बॅग होती. बाहेरून काही कळत नाही रे. कळत असतं तर या पथकांची गरजच पडली नसती.

मुंबई-पुण्याचं आम्हाला काय, असं कुणी म्हणू नका. 7 मार्च 2017 ला सकाळी आपल्या भोपाळहून सुटलेल्या उज्जैन पॅसेंजरमध्ये शाजापूर जिल्ह्यातल्या जबडी स्टेशनाजवळ स्फोट झाला. जनरलच्या डब्यात. त्याच गाडीने तुमच्यातल्या कितीतरी जणांचे आजी-आजोबा महाकालाला जातात.

धोक्याच्या सूचनेची टिंगल करायची तर निदान भोपाळमध्ये राहून करू नका. राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराने 1982 पासून आपल्या 'रपट' साप्ताहिकात लिहून सांगितलं होतं, की युनियन कार्बाइडचा कारखाना हे शहर गिळेल. लोकांनी त्याला घाबरट ठरवलं. आणि 1984 मध्ये 2 डिसेंबरच्या रात्री वायू सुटला तेव्हा वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. लोकांनी उगाच घाबरू नये, म्हणून! तो पुन्हा नीट वाजला तोवर माणसं रस्त्यावर पडत होती. जेपीनगरच्या ज्या बायकांनी ती रात्र काढली, त्यांच्यासमोर जाऊन करून दाखवाल ही नक्कल? परवा पोलीस वेळेवर आले, त्यांनी सगळ्यांना वेळेवर हलवलं आणि कुणाचा केसही वाकडा झाला नाही. याला फजिती म्हणता?

सगळ्या जमावात दोघींनीच डोकं जागेवर ठेवलं. नववीतल्या त्या मुलीने पिशवीला हात न लावता चौकीदाराला गाठलं आणि 112 वर फोन करायला लावला. आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनी पोलिसांना सांगितलं, "सात वाजता मी पायऱ्या झाडल्या, तेव्हा ही इथे नव्हती." त्या एका वाक्याने शोधाचा वेळ केवढा वाचला! इमारतीत रोज वावरणाऱ्याला तिथलं नसलेलं जे दिसतं, ते बाहेरून आलेल्या पथकाला दिसत नाही. म्हणून तपास करताना पोलीस आधी शिपाई, चौकीदार, झाडूवाल्या यांनाच विचारतात. तुम्ही मात्र त्या मावशींना "अहो, मध्ये येऊ नका, व्हिडिओ चाललाय" म्हणालात. मी ऐकलंय ते.

ग्रुपवर "बॉम्ब फुटला, दोन गेले" असं कुणी टाकलं ते मला माहीत आहे. तो मेसेज इथून कोलार रोडपर्यंत गेला. एका मुलाची आई हातातलं काम टाकून रिक्षाने धावत आली, अनवाणी. तिच्यासमोर मान वर करून बोलता येईल तुला? आत्ता, माझ्यासमोर, त्याच ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिही की ते खोटं होतं.

आता शेवटचं, आणि माझ्या लेखी सगळ्यात गंभीर. तुमच्यातलं कुणीतरी परवा म्हणालं, "प्री-बोर्डच्या दिवशी शाळेला असाच एक मेल टाकू, पेपर पुढे जाईल." आणि बाकीचे टाळ्या देत होते. डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीत दोन भावंडांनी अगदी हेच केलं, स्वतःच्याच शाळेला, अभ्यास झाला नव्हता म्हणून. पोलीस घरापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडच्या राजनांदगावातल्या सतरा वर्षांच्या पोराने मित्राशी वाकडं आलं म्हणून त्याच्या नावाने खातं उघडलं आणि विमानांत बॉम्ब असल्याच्या धमक्या टाकल्या. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान दिल्लीत उतरवावं लागलं. आत अडीचशेच्या आसपास माणसं होती. मुंबईचे पोलीस राजनांदगावला जाऊन त्याला घेऊन आले. खोट्या नावामागे लपता येतं हा भ्रम काढून टाका. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये वेगळी, जादा शिक्षा आहे. अठराच्या आत असलात तरी बाल न्याय मंडळासमोर उभं राहावं लागतं, आणि शेजारी आई-बाप उभे असतात.

शिवाय अशा मेलने काय होतं याचा विचार केलात? पोलिसांना तो खोटा धरता येत नाही. एकेक वर्ग, एकेक दप्तर, पाण्याची टाकी, गच्ची, सगळं पालथं घालावं लागतं. तेवढा वेळ ते पथक, तो कुत्रा, ती गाडी शहरात दुसरीकडे कुठेच जाऊ शकत नाही. दुसरीकडे खरी पिशवी सापडली तर तिथल्या माणसांना काय सांगायचं, की पथक एका पोराच्या गणिताच्या पेपरात अडकलंय?

ते वाक्य कुणी उच्चारलं हे मी वर्गात विचारणार नाही, मला ठाऊक आहे. आज संध्याकाळी सात वाजता मी तुझ्या घरी येणार आहे. मी पोहोचायच्या आत तू ते आई-बाबांना स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असलं पाहिजे.