सारखे दगड, वेगळ्या जागा



एखाद्या धर्मात समता खरोखर आहे की नाही, हे पाहावयाचे असेल तर त्याचे ग्रंथ मागाहून उघडावेत. आधी त्याची स्मशानभूमी पाहावी. प्रवासाच्या निमित्ताने तुम्ही कधी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील जुन्या सेलम गावी गेलात, तर तेथील मोरेव्हियन चर्चची दफनभूमी अवश्य पाहा. ते लोक तिला देवाचे शेत म्हणतात.

हा पंथ १४५७ साली बोहेमियात, यान हुस या सुधारकाच्या अनुयायांतून निघाला. हुसला १४१५ मध्ये जिवंत जाळण्यात आले होते. छळाने पांगलेले हे लोक १७२२ पासून जर्मनीत हेर्नहुट येथे, झिन्झेंडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर पुन्हा एकत्र आले. त्यांच्यात प्रेमभोजन म्हणून एक रीत आहे. प्रार्थना चालू असतानाच सर्वांना पाव व कॉफी वाटतात. दफनभूमीत सगळे दगड सपाट आणि एकाच मापाचे. श्रीमंताला मनोरा नाही. नवराबायकोही शेजारी नाहीत! विवाहित पुरुष, विवाहित स्त्रिया, अविवाहित, मुले असे विभाग, आणि त्यांत मृत्यूच्या क्रमाने जागा. कुळाचा मान तेथे उरतच नाही.

पण एवढे पाहून, वाहवा म्हणून परत फिरू नका.

याच सेलममध्ये गुलाम होते, आणि त्यांतील काहींचे मालक खुद्द चर्चच होते. आफ्रिकेतून आणलेला अब्राहम नावाचा एक गुलाम बाप्तिस्मा घेऊन या पंथात आला. १७९७ साली तो वारला, तेव्हा त्याला गोऱ्या बंधूंबरोबरच त्या दफनभूमीत पुरले. जिवंतपणी विकत घेतलेला मनुष्य मेल्यावर भाऊ झाला, ही कसली समता? कोणी म्हणेल, आत्म्याची. अहो, आत्म्याला समान म्हणावयास काय खर्च येतो? राबतो तो देह. देहावर मालकी ठेवून आत्म्याचा गौरव करणे म्हणजे शुद्ध तोंडाला पाने पुसणे होय.

बरे, तेवढी समताही टिकली नाही. आजूबाजूच्या गोऱ्या समाजाची रीत नव्या पिढीच्या अंगवळणी पडली. १८१६ मध्ये काळ्यांसाठी दफनाची वेगळी जागा ठरली, १८२२ मध्ये त्यांची मंडळी वेगळी झाली, आणि पुढच्या वर्षी ओंडक्यांचे वेगळे चर्च उभे राहिले. लक्षात घ्या, शास्त्र बदलले नव्हते. येशू तोच, पाव-कॉफी तीच, दगडही तसेच सपाट. फक्त शेजारी काय म्हणतील, ही भीती घरात शिरली. तुमच्या घरी सोयरीक ठरविताना हा शेजारी बोलतो की नाही, ते तुम्हीच पाहा.

१८६१ मध्ये काळ्या मंडळीसाठी सेंट फिलिप्स हे विटांचे चर्च बांधले गेले. २१ मे १८६५ रोजी तेथेच लष्करातील एका धर्मोपदेशकाने मुक्तीचा हुकूम वाचून दाखविला. चर्चच्या दक्षिण प्रांताने गुलामगिरीबद्दल क्षमा मागितली, ती मात्र २००६ साली. ती विटांची इमारत आजही उभी आहे. देवाचे शेत पाहिलेत तर तेथेही जा; पायी जाण्याइतकेच अंतर आहे.