स्पष्ट लेखन : शैली की नीती?

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास आपले संशोधन स्पष्ट शब्दांत लिहावयास शिकविणे, हा सामान्यतः भाषाशिक्षणाचा भाग समजला जातो. प्रबंध पूर्ण झाला, आता भाषेवरून एक हात फिरवावा, इतकेच त्याचे महत्त्व. माझ्या मते हा प्रश्न मुळात नीतीचा आहे.

'निवडक विद्यार्थ्यांच्या चिंतेत लक्षणीय घट झाल्याचे आढळून आले आहे,' अशा धर्तीचे वाक्य विद्यार्थी सहज लिहून जातो. वाक्य भारदस्त आहे. परंतु विद्यार्थी किती, ते निवडले कोणी, घट मोजली कशाने, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसास हे वळण परिचयाचे आहे. 'असे ठरविण्यात आले आहे' या वाक्यात ठरविणारा कोठेच नसतो. मग जाब विचारावा तरी कोणाला? कर्ता वगळला की त्याच्याबरोबर जबाबदारीही वगळली जाते.

संशोधनात याची किंमत मोठी आहे. २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक सामूहिक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यास अन्य संशोधकांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरले होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. याची कारणे अनेक आहेत व सारा दोष भाषेच्या माथी मारता येणार नाही. परंतु काय केले, कोणासोबत केले, कसे केले, हे नेमके लिहिलेले नसेल, तर ते पुन्हा करून पाहणेच अशक्य होते. धूसर वाक्य खोटे पाडता येत नाही, आणि तीच त्याची सोय असते.

आपल्या हैदराबादेत एक अडचण अधिक आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम प्रारंभी उर्दू होते. मराठी, तेलुगू, कन्नड घरांतील मुले त्या भाषेत शास्त्रे शिकली. आज उच्च शिक्षणात इंग्रजीचा वरचष्मा आहे, पण घरची भाषा निराळीच राहिली. छापील प्रश्नावली इंग्रजीत, विचारणारा तेलुगूत विचारतो, आणि उत्तर देणारी वृद्धा दखनीत म्हणते, 'दिल घबराता'. आपल्या घरात तेच 'जीव घाबराघुबरा होतो' असे येईल. यात चिंता किती, अशक्तपणा किती आणि एकटेपणा किती? विद्यार्थ्याने 'चिंता' हा शब्द व त्यापुढे एक आकडा एवढेच लिहिले, तर त्या बाईचे म्हणणे पुसले गेले. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, तिने कोणता शब्द वापरला, हे नोंदविणे म्हणजे तिचे ऋण मान्य करणे होय.

हे भान शास्त्रालाही क्रमाक्रमाने आले. अमेरिकेतील मानसशास्त्र संघटनेच्या लेखन-नियमांचा आरंभ १९२९ सालच्या एका सात पानी लेखातून झाला. त्याच नियमावलीच्या १९९४ सालच्या चौथ्या आवृत्तीने प्रयोगातील माणसांना 'सब्जेक्ट' न म्हणता 'सहभागी' म्हणावे, असे सुचविले. ज्याच्यावर प्रयोग होतो तो, आणि जो प्रयोगात भाग घेतो तो, यांतील अंतर केवळ शब्दाचे नाही.

यावर कोणी म्हणेल, मन हे गहन. त्याविषयी सोपे लिहिणे म्हणजे त्याचा विपर्यास करणे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु सोपे करणे आणि स्पष्ट करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. आपल्या साहित्यशास्त्राने प्रसाद हा गुण मानला, तो काही विषय उथळ करण्यासाठी नव्हे. 'येथवर मला कळले, येथून पुढे कळले नाही,' हेही स्पष्टपणे लिहिता येते. किंबहुना तेच लिहिणे सर्वांत कठीण असते.

मग शिकवावे कसे? एक साधा उपाय सुचतो. विद्यार्थ्याने लिहिलेली कार्यपद्धती वर्गातील दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि तोंडी काही न विचारता केवळ कागदावरून तोच प्रयोग करावयास सांगावे. तो जेथे अडेल, तेथे लिहिणाऱ्याने पुन्हा लिहावे. त्यानंतर निष्कर्षाचा परिच्छेद, ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्यापैकी एखाद्यास, त्याच्या भाषेत समजावून सांगावा. 'मी असे म्हणालो नव्हतो,' असे त्याने म्हटले, तर प्रबंध अजून पूर्ण झालेला नाही.