नोकरी सोडू की नको?

मागच्या वर्षी बंगळुरूला सत्संग आटोपल्यावर एक गृहस्थ थांबले. वय ३८. मूळचे सोलापूरचे, पंधरा वर्षे सॉफ्टवेअर कंपनीत. दोन मुले, पत्नी घर सांभाळते, वडील गावी. नमस्कार करून म्हणाले, "स्वामीजी, मला नोकरी सोडून शाळेत गणित शिकवायचं आहे. सहा महिन्यांपासून राजीनामा लिहून ठेवलाय, पाठवत नाही. सोडू की नको, एवढंच सांगा."

एवढेच! जणू एका शब्दाचे काम होते. असा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असते, जबाबदारी उचलायला दुसरा खांदा हवा असतो. उद्या बिघडले तर "स्वामीजींनी सांगितलं होतं" म्हणता येते. म्हणून मी 'हो'ही म्हणालो नाही आणि 'नाही'ही नाही. मी त्यांना विचारले, "उद्या तुमच्या वरचा साहेब बदलला, कामावर गेल्यावर कोणी अपमान करणारं उरलं नाही, तर?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग कदाचित थांबेन."

साधकहो, या 'कदाचित'मध्येच साधना आहे. आपल्याला वाटते, आपण काही तरी उंच गोष्टीकडे निघालो आहोत. प्रत्यक्षात पुष्कळदा आपण कशापासून तरी पळत असतो. दोन्हींची वाट सुरुवातीला एकच दिसते, फसगत होते ती इथेच.

अर्जुनाचा प्रश्न दुसरा काय होता? आयुष्यभर जी विद्या शिकला, ज्या कामात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, तेच काम ऐन वेळी त्याला नकोसे झाले. भिक्षा मागून जगेन, पण हे करणार नाही, असे तो म्हणाला. त्याचे बोलणे ऐकून एखाद्याला वाटेल, वाहवा, काय वैराग्य! त्याने शास्त्राचे दाखले दिले, कुलाचा विचार मांडला, पापपुण्याचा हिशोब सांगितला. श्रीकृष्णाने मात्र त्याचे थरथरणारे अंग आणि कोरडे पडलेले तोंड पाहिले. ते वैराग्य नव्हते, मोह होता. खरे वैराग्य आलेला माणूस एवढा वाद घालत नाही.

आपण नेहमी विसरतो ती गोष्ट पुढची आहे. अठरा अध्याय समजावून झाल्यावर भगवंताने आज्ञा सोडली नाही. याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवे तसे कर, असे तो म्हणाला. ज्याला सगळे ठाऊक होते, त्यानेही निर्णय अर्जुनाच्याच हाती ठेवला. मग मी कोण सांगणारा?

इथे कोणी विचारील, गीता तर म्हणते की आपापला धर्म सोडू नये, मग व्यवसाय बदलणे चूकच नाही का? स्वधर्म म्हणजे बापाचा धंदा, असा अर्थ घेऊन या देशात फार माणसे जखडली गेली. पण त्याच महाभारतात द्रोणाचार्य आणि कृपाचार्य जन्माने ब्राह्मण असून शस्त्रविद्या शिकवतात, आणि विश्वामित्र राजा असून ऋषी होतात. स्वधर्म म्हणजे आपल्या स्वभावातून सहज निघणारे आणि आज आपल्या वाट्याला आलेले काम. यातला पहिला भाग तरुणांना आवडतो, दुसरा वडीलधाऱ्यांना. दोन्ही एकत्र धरावे लागतात, आणि ओढाताण होते ती त्यामुळेच.

त्या गृहस्थांना मी वनपर्वातली कौशिकाची गोष्ट सांगितली. कौशिक तपस्वी होता. झाडावरच्या बगळीने अंगावर घाण केली म्हणून रागाने वर पाहिले, तर ती जळून खाली पडली. एवढे तप! पुढे भिक्षेला एका दारी गेला. घरातली बाई पतीच्या सेवेत होती, तिने त्याला थांबवून ठेवले. हा रागावला, तर ती म्हणाली, मी काही ती बगळी नव्हे. आणि धर्म शिकायचा असेल तर मिथिलेच्या व्याधाकडे जा, असे तिने सांगितले. तो गेला, तर व्याध बाजारात मांस विकत बसलेला. ज्याच्याकडे ज्ञानासाठी आलो तो खाटीक! कौशिकाने विचारले, असले काम तू का करतोस? व्याधाने शांतपणे सांगितले की हा वडिलार्जित धंदा आहे, तो मी प्रामाणिकपणे करतो आणि म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळतो.

पुष्कळ प्रवचनकार गोष्ट इथेच संपवतात आणि 'आहे त्या कामात राहा' असा बोध काढतात. पण शेवटी व्याध कौशिकाला विचारतो, तू वेदाध्ययनासाठी घर सोडलेस, तेव्हा आईवडिलांना विचारले होतेस का? ते तुझ्या शोकाने आंधळे झाले आहेत. परत जा. व्याधाने अध्ययनाला वाईट म्हटले नाही. ज्यांच्या पाठीवर पाय देऊन तू बाहेर पडलास त्यांच्याकडे वळून पाहिले नाहीस, एवढेच त्याचे म्हणणे.

हे ऐकून ते गृहस्थ एकदम म्हणाले, "वडिलांना अजून सांगितलेलं नाही." मी विचारले, "आणि पत्नीला?" "तिला थोडं थोडं."

थोडे थोडे! सहा महिने राजीनामा लिहून ठेवला आहे आणि ज्या घराची चूल त्यावर चालते, त्या घराला थोडे थोडे माहीत आहे. कोणी म्हणेल, विनोबांनी कुठे विचारले होते? १९१६ साली ते इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. खरे आहे. पण विनोबा तेव्हा वीस वर्षांचे होते, लग्न झालेले नव्हते, त्यांच्यावर कोणाचे पोट अवलंबून नव्हते. शिवाय त्याआधीच त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली होती. थोरांचे अनुकरण करायचे तर त्यांची परिस्थितीही नीट पाहावी.

मग आम्ही हिशोबाला बसलो. अध्यात्मात हिशोब कशाला, असे वाटेल. पण ज्याला आपल्या घराचा आकडा पाहायची भीती वाटते, तो आपले मन काय पाहणार? गृहकर्ज ५० लाखांचे, २० वर्षांचे, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता महिना सुमारे ४३ हजार. शाळेत नियमित शिक्षक व्हायचे तर बी.एड. हवे, त्याला दोन वर्षे. म्हणजे दोन वर्षांचा घरखर्च आणि हप्ते मिळून जी रक्कम होईल, तेवढी तरी आधी बाजूला हवी. हा आकडा त्यांनी पूर्वी कधी कागदावर मांडलाच नव्हता. मांडल्यावर चेहरा पडला, आणि नवल म्हणजे थोड्या वेळाने हलका झाला. भीती आकड्यात मावली की लहान होते.

दुसरी गोष्ट मी त्यांना विचारली ती शिकवण्याची. "शाळेतला मंगळवार कसा असतो, पाहिला आहे का?" त्यांच्या डोळ्यांसमोर उत्सुक मुले आणि फळ्यावर सुटणारे गणित होते. पन्नास वह्या तपासणे, हजेरीपट, परीक्षेचे निकाल भरणे, पालकांची तक्रार, मागच्या बाकावर पेंगणारा मुलगा, हे त्या चित्रात नव्हते. गीतेच्या शेवटच्या अध्यायात अग्नी आणि धुराचा दृष्टान्त येतो: प्रत्येक कामाला काही ना काही दोष चिकटलेला असतोच. आजच्या कामाचा धूर डोळ्यांत जातो म्हणून दुसरी चूल पेटवायची, तर तिलाही धूर आहे. प्रश्न असा, की तो धूर सोसूनही ज्या चुलीजवळ बसावेसे वाटेल, ती कोणती?

'आतला आवाज' हा शब्द हल्ली फार वापरतात. मला त्याची थोडी धास्तीच वाटते. रात्री एकपर्यंत लॅपटॉपवर काम करणाऱ्याच्या आतून जो आवाज येतो, तो बहुधा थकव्याचा असतो. आधी पंधरा दिवस पुरेशी झोप घ्या, असे मी त्यांना सांगितले. मग रोज पहाटे वीस मिनिटे शांत बसा. प्रश्न मनात आणा, पण उत्तर ओढू नका. उठल्यावर जे वाटले ते एका वहीत एका ओळीत लिहा. चांगल्या दिवशी काय वाटते, साहेब बोलले त्या दिवशी काय वाटते, हे सहा महिन्यांनी शेजारी ठेवून पाहा. आणि दर शनिवारी कुठल्या तरी शाळेत जाऊन फुकट शिकवा. ओढ खरी असेल तर ती कंटाळवाण्या शनिवारीही टिकेल.

आठ महिन्यांनी त्यांचे पत्र आले. सुरुवातीला वहीत फक्त साहेबाबद्दल लिहिले जायचे, असे त्यांनी प्रांजळपणे कळवले. दुसऱ्या विभागात बदली मागितली, ती मिळाली, आणि खरोखरच राग ओसरला. पण शनिवार सुटले नाहीत. एका पालिकेच्या शाळेत सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना दोन तास कसे जातात कळत नाही, असे लिहिले होते. वह्याही तपासतात. राजीनामा अजून पाठवलेला नाही. पत्नीने घरच्या खर्चाचा कागद स्वतःकडे घेतला आहे आणि किती महिने आणखी साठवावे लागेल, ते तीच मोजते. वडिलांना त्यांनी गणपतीत घरी गेल्यावर सांगितले. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी विचारले, बी.एड.ची फी किती असते?