विंचवाचे विष आणि चेतापेशींचे निरोप

चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. एकीचे टोक आणि दुसरीचे आवरण यांच्यात साधारण २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. निरोप या फटीपर्यंत विजेच्या रूपात येतो. फट ओलांडतो तो बहुतेक ठिकाणी रसायनाच्या रूपात.

विश्रांतीच्या स्थितीत पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. आवरणातल्या सोडियमच्या मार्गिका उघडल्या की धनभारित सोडियम आत घुसतो, तेवढ्या जागी विद्युतदाब उलटतो आणि त्या धक्क्याने पुढच्या मार्गिका उघडतात. मेदावरण असलेल्या जाड तंतूंतून हा निरोप सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो. उघडलेली मार्गिका साधारण मिलिसेकंदभरात आपोआप बंद होते. पाठ्यपुस्तके या बंद होण्याला एखादे वाक्य देतात. खरे तर निरोप कुठे संपला हे त्यावरच ठरते.

तंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरते, रसायनाने भरलेल्या पुटिका फुटतात आणि रसायन पलीकडच्या ग्राहींवर जाऊन बसते. काम झाले की ते नष्ट होते किंवा परत शोषले जाते. स्नायूंना हुकूम देणारे ॲसिटिलकोलिन असेच लगेच मोडले जाते.

ही व्यवस्था किती नेमकी आहे, हे विषे दाखवून देतात. नागाचे विष स्नायूवरच्या ग्राहींची जागा अडवते. मण्यारीचे मुख्य विष अलीकडचे टोकच निकामी करते. दोन्हींत पापण्या जड होतात आणि पुढे श्वास थांबतो. पण ॲसिटिलकोलिन टिकवून धरणारे निओस्टिग्मिन नागदंशात उपयोगी पडते, मण्यारीच्या दंशात सहसा नाही. जे टोकातून सुटतच नाही, ते टिकवणार काय?

कोकणातला लाल विंचू उलटे करतो. त्याचे विष सोडियमच्या मार्गिका मिटू देत नाही. निरोप थांबतच नाहीत, आणि अनुकंपी चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रिनलिन, अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रिनलिन वाहत राहते. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुरुषांत लिंगाची ताठरता. मग रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते.

मुंबई–गोवा महामार्गाने पनवेलहून दक्षिणेला गेले की रायगड जिल्ह्यातच महाड लागते. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून विंचूदंशाचे असे रुग्ण पाहत होते. खाटेशी बसून त्यांनी लक्षणांचा क्रम टिपला. ती निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. त्या काळी विंचूदंशावर खास लस हाताशी नव्हती. बावस्करांनी विषाचा नाद सोडून निरोपाचा शेवटचा मुक्काम धरला. प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरची साधी गोळी रक्तवाहिन्यांवरचे अल्फा ग्राही अडवते. नॉरॲड्रिनलिन वाहत असले तरी त्याचे ऐकणारे कोणी उरत नाही; वाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले, असे त्यांच्या नोंदी सांगतात. हे नशीब नव्हते. बिघाड साखळीत नेमका कुठे झाला आहे, हे ओळखल्याचा तो परिणाम होता.

लस आल्यावर प्राझोसिन मागे पडले नाही. लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. टोकांतून आधीच सुटलेले रसायन तिला परत घेता येत नाही. म्हणून ती लवकर द्यावी लागते आणि सोबत गोळीही लागते. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसते प्राझोसिन मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते.