तहनाम्यातला मुलूख

आकाशगंगेवर राज्य करणाऱ्या साम्राज्यांच्या कथांत एक प्रसंग हमखास येतो: माणसांनीच कधीकाळी वसवलेला, पण विस्मृतीत गेलेला एखादा ग्रह साम्राज्याच्या यानांना सापडतो, आणि त्याचा इतिहास त्या दिवसापासून सुरू झाला अशी नोंद राजधानीच्या दफ्तरात होते. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आमच्या उदगिरात ध्वजवंदनानंतर जी भाषणे होतात त्यांतला मराठवाडाही असाच कोणाला तरी सापडलेला असतो. तो महाराष्ट्रात ‘बिनशर्त’ आला म्हणून त्याची पाठ थोपटली जाते आणि पुढच्याच वाक्यात अनुशेषाची याचना सुरू होते. या कौतुकाला माझी हरकत आहे, कारण ज्याला अट घालण्याची मुभा नसते त्याचा मुलूख सामील होत नसतो, खालसा होत असतो.

हाती आलेल्या मुलखाचे काय करावे याचे जुने उत्तर सरळ होते: महसूल घ्यावा आणि गावगाडा आहे तसा चालू द्यावा. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगिरास निजामाला नमविले आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख, दौलताबाद व अहमदनगर यांसह, पेशवाईच्या पदरात पडला; मुलूख रुपयांत मोजला गेला, रयतेला कोणी विचारले नाही, आणि विचारावे असे त्या काळी कोणास वाटलेही नसते. गिबनच्या रोमवरून बेतलेले असिमॉव्हचे नभोमंडळातले साम्राज्यही या बाबतीत पेशवाईच्या पुढे गेलेले नाही. अर्सुला ले ग्विनने मात्र १९६९ च्या कादंबरीत निःशस्त्र, एकटा दूत पाठविला आणि ग्रह आपखुशीने होकार देईपर्यंत थांबणे हेच त्याचे काम ठरविले.

आपल्याकडे दूत आणि फौज दोन्ही आले. निजामाशी झालेला ‘जैसे थे’ करार, भारत सरकारचे प्रतिनिधी मुनशी, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानाची सीमा ओलांडणाऱ्या पलटणी हे सारे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्यानंतर, उदगीर ज्या जिल्ह्यात होते त्या बिदरात आणि शेजारच्या उस्मानाबादेत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, ते सुंदरलाल समितीने लिहून ठेवले आणि सरकारने कित्येक दशके बासनात बांधून ठेवले. १७ सप्टेंबरच्या भाषणांत त्याचा उच्चार होत नाही. निजाम राजप्रमुख झाला, जहागिरी गेल्या, आणि संस्थानाचा हाली रुपया काही काळ भारतीय कलदाराच्या शेजारी, सातास सहा या भावाने, बाजारात चालत राहिला.

परंतु माझ्या मते खरे स्थित्यंतर या पाच दिवसांच्या कारवाईत नाही. ते २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे, आणि सर्वांचा वाचनदोष होतो तो नेमका तेथे. मराठी भाषकांच्या एकत्र राज्यासाठी झालेल्या आणि मराठवाड्याच्या प्रतिनिधींनीही सह्या केलेल्या या करारात शासकीय खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणात तेच प्रमाण राहावे, मराठवाड्याच्या मागासलेपणामुळे तिकडे विशेष लक्ष द्यावे आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे कलमवार लिहिलेले आहे. मागासलेपणाचा उल्लेख वाचून लोक या करारास दुबळ्याची अर्जी समजतात. मला तो तहनामा वाटतो, आणि १७६० च्या तहाहून मोठा वाटतो, कारण त्यात मुलूख प्रथमच किमतीने नव्हे तर हक्काने मोजला गेला आणि मोजणारांत खुद्द त्या मुलखातली माणसे होती. अट घातल्याने भाषिक एकतेला उणेपणा येतो ही समजूत पुढच्या काळातली, सोयीची आणि बहुतांशी मुंबई-पुण्याची आहे.

कागद पुरेसा नव्हता हेही खरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे बिदरचे तीन तालुके उस्मानाबादेस जोडून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. बिदर म्हैसुरास गेले आणि देगलूरची बिचकुंदा व जुक्कल ही सर्कले आंध्रास. वर्षानुवर्षे ज्यांनी बिदरची कचेरी गाठली, त्यांची जिल्ह्याची वाट एका तारखेला बदलली. (१९८२ साली लातूर जिल्हा होऊन ती पुन्हा बदलली, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकाळचे उर्दू व मोडी कागद उलगडले गेले, तेव्हा आपली ओळख अद्याप जुन्याच सरकारच्या बस्त्यात आहे हे अनेकांना कळले.)

कराराचे सार १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये उतरले, पण ‘करता येईल’ अशा भाषेत. त्यामुळे वैधानिक विकास मंडळे स्थापन व्हायला १९९४ उजाडले. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत सरली, तेव्हा चर्चा झाली ती निधीची आणि मंडळांवरील नेमणुकांची, जणू एखादी सरकारी योजना बंद पडली होती. तहातील एका पक्षाने मुदत संपली असे म्हटले, तर दुसऱ्या पक्षाने कोणत्या दरबारी जावे, हे या सगळ्या चर्चेत कोणी विचारले नाही, मराठवाड्यातूनही नाही.