आजचं चिंतन : गीता २.६७ – नाव आणि पट्टा



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात, भटकणाऱ्या इंद्रियामागे मन गेलं की ते बुद्धीला ओढून नेतं, वारा पाण्यातल्या नावेला नेतो तसं.

नाव जमिनीवरही निसटते बरं का! अमेरिकेत काही जण छोटी बोट ट्रेलरवरून घरच्या अंगणातच उतरवतात. तिथे तोलायला पाणी नसतं. म्हणून आधी चाकांना ठोकळे लावायचे आणि विंचचा पट्टा न काढता हळूहळू सैल करायचा. पट्टा आधीच काढला, तर बोट अंगावर येऊ शकते.

मग काय, बोट कायम बांधूनच ठेवायची? नाही. २.६४ मध्ये भगवंत विषयांत वावरायला मनाई करत नाहीत. इंद्रियं ताब्यात ठेवून वावर, म्हणतात.

आज मोबाईल उघडण्याआधी वेळ ठरवा. तोच आपला पट्टा.

हरि ॐ!