राजधानी उठून गेल्यावर

बसा. घाई कसलीच नाही. डोळे मिटा किंवा समोरच्या भिंतीवर ठेवा, दोन्ही चालेल. मनात जमीन येऊ द्या. राज्य नको, जिल्हा नको, नकाशावरचे रंगही नकोत, नुसती जमीन.

ईशान्येला उंच पठार आहे. त्यावर साल आणि बांबूचं रान, मागे मैकलची रांग. पठार संपतं तिथे डोंगर एकदम खाली उतरतात, सुमारे हजार फूट, आणि पायथ्यापासून दक्षिणेकडे सपाट, ओलसर मुलूख सुरू होतो. इथे पाऊस भरपूर आणि माती पाणी धरून ठेवणारी, म्हणून धान. या सपाटीतून एक रुंद नदी वाहते आहे. सिवनीजवळ मुंडारा गावाशी ती उगम पावली, डोंगरांमधून अर्धगोल वळसा घालून आली आणि आता दक्षिणेला निघाली आहे. ती वैनगंगा.

तिच्यापाशी थोडा वेळ राहा. काठाचं नाव आत्ता घ्यायची गरज नाही. पावसाळ्यात बांध्यांमध्ये पाणी साचलंय, बायका रांगेने वाकून रोवणी करताहेत, पऱ्ह्यांच्या जुड्या बांधावर पडल्या आहेत. हे दृश्य भंडाऱ्याचं आहे की बालाघाटचं, हे चिखलाकडे पाहून सांगता येणार नाही. सांगायची घाईही करू नका.

आता या जमिनीवर एकच टिंब ठेवा. नैर्ऋत्येला, रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आत. नागपूर.

टिंब ठेवल्याबरोबर जमीन हलल्यासारखी वाटेल. आधी ती सगळ्या दिशांना सारखी पसरलेली होती. आता तिला एक तोंड आलं. अठराव्या शतकाच्या मध्याला रघूजी भोसल्यांनी देवगडचं गोंड राज्य आपल्या हाताखाली घेतलं आणि नागपूर ही मोठ्या मुलखाची राजधानी झाली. लांजीचा किल्ला, त्याच्या भोवतीची गावं, वैनगंगेचं खोरं, सगळं हळूहळू त्या बाजूला वळलं. लांजी तेव्हाही जुनी होती. तिथली देवळं नागपूरचा पाया पडण्याच्या शेकडो वर्षं आधीची आहेत. ती जुनी जागा नव्या शहराच्या हिशेबात एक परगणा होऊन गेली, याकडे जरा लक्ष द्या. प्रांत वाढतो तेव्हा असं घडतं. आधीची केंद्रं पुसली जात नाहीत, त्यांना नुसता नवा दर्जा मिळतो.

मग इंग्रज. 1854 साली डलहौसीने भोसल्यांचं राज्य खालसा केलं. 1861 मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदेचे मुलूख एकत्र करून मध्य प्रांत बनवला. राजधानी तीच राहिली. 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे काढून त्यांचा बालाघाट जिल्हा केला. मुख्यालय आलं त्या गावाला तेव्हा बुऱ्हा म्हणत. म्हणजे बालाघाट हा जिल्हा राजधानीने टेबलावर बसून तयार केलेला आहे. खालची धानाची सपाटी आणि वरचं रान एका हद्दीत यावं, वरच्या रानात वस्ती व्हावी, महसूल वाढावा, असा तो विचार होता.

या विचाराबरोबर पठारावर चढा, सावकाश. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरचा भाग जवळजवळ निव्वळ जंगल होता. लछमन नाईक नावाच्या माणसाने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावं वसवली, अशी जुन्या कागदांत नोंद आहे. नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी खालच्या पोवार शेतकऱ्यांना वर यायला उत्तेजन दिलं. पोवार धान पिकवण्यात वाकबगार, तलाव आणि बोड्या राखणारे. पण रान रिकामं नव्हतं. तिथे गोंड होते, बैगा होते. बैगा नांगर धरत नसत. झाडोरा तोडून जाळायचा आणि त्या राखेत बी फेकायचं, ही त्यांची बेवर शेती. वनखात्याला ती रानाची नासाडी वाटली आणि खात्याने तिच्यावर बंधनं आणली. राजधानीच्या दृष्टीने पठार वसत होतं. बैगाच्या दृष्टीने काय होत होतं, ते तुम्हीच पाहा. इथे माझ्या बोलण्यापेक्षा तुमचं थांबणं उपयोगी पडेल.

खाली उतरल्यावर एक आकडा भेटेल. 1901 च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात 3,26,521 माणसं होती. आधीच्या दहा वर्षांपेक्षा 15 टक्के कमी. शतकाच्या शेवटी लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले होते. पंधरा टक्के हा आकडा डोळ्यांखालून सहज निघून जातो, म्हणून त्याला माणसांत मोडा: दर सात जणांतला एक नाही. कुणी मेलं, कुणी पोटासाठी निघून गेलं, आणि मधल्या काळात जन्मलेल्यांनीही ती जागा भरून काढली नाही. प्रांत वाढला असं आपण लिहितो तेव्हा ही दहा वर्षंही त्या वाढीतच धरलेली असतात. 2011 मध्ये याच जिल्ह्यात 17,01,698 लोक होते. हद्दी थोड्या बदलल्या हे धरूनही शतकात पाचपट. तरी सातातल्या त्या एकाजवळून लगेच उठू नका.

दुष्काळानंतर रेल्वे आली. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, पुढे जबलपूर: अडीच फूट रुंदीची सातपुडा लाइन, 1903 ते 1905 च्या सुमारास टप्प्याटप्प्याने सुरू झालेली. लोक तिला छोटी लाइन म्हणत. गोंदिया नागपूर-कलकत्ता मार्गावर असल्यामुळे छोट्या लाइनीचं खालचं टोक थेट मोठ्या जगात उघडत होतं. रानातलं लाकूड, धान, आणि मुख्य म्हणजे मँगनीज. बालाघाट शहराला लागून भरवेली, पलीकडे उकवा आणि तिरोडी. तीच खनिजाची कमान पुढे भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्ग आणि नागपूर जिल्ह्यात मनसरपर्यंत जाते. जमिनीखाली हा एकच पट्टा आहे. वरच्या हद्दींशी त्याला कर्तव्य नाही. 1896 साली सुरू झालेल्या एका ब्रिटिश कंपनीकडून या खाणी पुढे सरकारकडे आल्या आणि 1962 पासून मॉइलच्या नावाने चालतात. मॉइलचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. आजही.

एवढं चित्र मनात धरा. नदी नागपूरच्या बाजूला वाहते. खाणीचा हिशेब नागपूरला. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं, 1936 मध्ये हायकोर्ट. बालाघाटचा मुलगा पदवीसाठी नागपूरला, जमिनीचा दावा अपिलात गेला की बाप नागपूरला, आमदार सिव्हिल लाइन्समधल्या दगडी विधान भवनात. 1950 मध्ये प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच. मध्य प्रदेश म्हटलं की आज कुणाला नागपूर आठवत नाही, पण सहा वर्षं त्या नावाच्या राज्याची ती राजधानी होती.

आता श्वास सोडा, आणि टिंब उचला.

1 नोव्हेंबर 1956. जुन्या मध्य प्रदेशाच्या बावीस जिल्ह्यांपैकी आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, चौदा राहिले. बालाघाट राहिलेल्यांत. नव्या, मोठ्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली. भोपाळ तेव्हा स्वतः जिल्हासुद्धा नव्हतं, सीहोर जिल्ह्यातलं शहर होतं. हायकोर्ट जबलपूरला गेलं. नागपूर कुठलीच राजधानी उरलं नाही. चार वर्षांनी महाराष्ट्र झाला तेव्हा हिवाळी अधिवेशनाची पाहुणी म्हणून विधान भवनात माणसं परत आली, पण त्यांत बालाघाटचा कुणी नव्हता. भोपाळ इथून चारशे किलोमीटरहून दूर.

मराठीत विदर्भाबद्दल लिहिताना आपण नागपूरचं दुःख लिहितो: राजधानी गेली, मान गेला. ते खरंच आहे. पण राजधानी ज्यांच्यामधून उठून गेली त्या भोवतालाचं काय झालं, हे कुणी फारसं विचारलं नाही. सीमाभाग म्हटलं की बेळगाव, फार तर बऱ्हाणपूर. बालाघाट आपल्या नकाशावरून इतक्या शांतपणे गळलं की गळल्याची नोंदही नाही.

म्हणून अन्याय झाला असंही मी म्हणणार नाही. या प्रश्नावर घाईने बाजू घेऊ नका. थोडं दोन्हीकडे झुकून पाहा. जिल्ह्यातले बहुतेक लोक मराठी बोलत नव्हते, हे उघड आहे. पण बहुतेकांची बोली शाळेतली हिंदीही नव्हती. पोवारी, मरारी, लोधी, वर पठारावर गोंडी आणि बैगांची बोली, लांजी-खैरलांजी-वारासिवनीच्या बाजूला झाडीपट्टीची मराठी. राज्य पुनर्रचना आयोगापुढे मात्र दोनच रकाने होते. आज जनगणनेत पोवारी हिंदीच्या पोटात मोजतात. त्याच पोवारी घरांचे सोयरे गोंदिया-भंडाऱ्यात मराठी शाळांत शिकले. रेघ चुकीची नव्हती, जाड होती. जाड रेघेखाली जे सापडतं ते दोन्ही बाजूंना दिसत नाही.

गोंदियाहून बालाघाटला जाताना बाघ नदी ओलांडावी लागते, रजेगावच्या पुलावरून. मनातल्या मनात त्या पुलावर जा. अलीकडे तलाठी, पलीकडे पटवारी. अलीकडे सातबारा, पलीकडे खसरा. धान तेच, बांधीचा आकारही तोच. पण इकडच्या धानाचा बोनस मुंबईत ठरतो, तिकडचा भोपाळला, आणि हंगामात पुलावरची गर्दी त्या त्या वर्षीच्या फरकाप्रमाणे कमीजास्त होते. चिन्नोर या सुवासिक तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते बालाघाटच्या नावाने. चांगला दाणा ओळखणाऱ्या जिभा मात्र दोन्ही काठांवर आहेत. दवाखान्यासाठी माणसं अजून गोंदिया, नागपूरलाच धावतात. आजारी पडल्यावर कुणी राजधानी विचारत नाही, जवळचं शहर विचारतात.

मग असं वाटू लागतं की पाणी, खाण, सोयरीक, दवाखाना सगळं एकीकडे, आणि नुसती फाइल दुसरीकडे. विचार इथे सोपा होतो. सोपा झाला की मला संशय येतो. म्हणून पुन्हा एकदा पठारावर चला, बैहरला.

इथे बंजर नदी आहे. हालोन आहे. पाहा, त्या कुणीकडे जातात. खाली वैनगंगेकडे नाही. त्या उत्तरेला निघतात, कान्ह्याच्या रानाच्या बाजूने, मंडल्याकडे. त्यांचं पाणी नर्मदेत जातं, जबलपूरला वळसा घालून, भडोचजवळ अरबी समुद्रात. आणि घाटाखालचं पाणी वर्धेशी मिळून प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. 1867 मध्ये टेबलावर जो जिल्हा जोडला गेला तो या पाणलोटाच्या दोन्ही अंगांनी उतरतो. म्हणजे नागपूरकडे तोंड हेही संपूर्ण बालाघाटचं तोंड कधीच नव्हतं, खालच्या अर्ध्याचं होतं. मलाजखंडला 1982 पासून तांबं काढणाऱ्या हिंदुस्तान कॉपरची कचेरी कोलकात्याला आहे. मुक्कीच्या दारातून कान्ह्यात शिरणारी जीप दिल्ली-मुंबईच्या पाहुण्यांची. वरच्या बैगा पाड्यावरून पाहिलं तर नागपूर, भोपाळ, जबलपूर ही सगळी खाली कुठेतरी असलेली, हुकूम पाठवणारी गावं.

हे दोन्ही उतार एकदम मनात धरायचा प्रयत्न करा. जमणार नाही, एक धरलं की दुसरं सुटतं. हरकत नाही, आळीपाळीने धरा.

आणि शेवटी वैनगंगेबरोबर थोडं खाली चला, बालाघाट सोडून, भंडारा ओलांडून, अंभोऱ्यापर्यंत. इथे तिला कन्हान मिळते. मुकुंदराजांचा विवेकसिंधु याच काठावर रचला गेला असं मानणारे अभ्यासक आहेत, आंबेजोगाईचा दावाही तितकाच जुना. तो वाद राहू द्या. कन्हानमध्ये आधीच नाग नदी आलेली असते, म्हणजे नागपूर शहराचं सांडपाणी. जुन्या प्रांताचं पाणी आणि जुन्या राजधानीचं पाणी इथे एक होतं आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं. त्या पाण्याच्या वासाबद्दल भंडाऱ्याचे लोक वर्षानुवर्षं तक्रार करताहेत. तक्रार नागपूरला जाते, मुंबईला जाते. वैनगंगेचा वरचा काठ या प्रकरणात पक्षकार नाही.